परदेशात जाऊन डेंटल इम्प्लांट: खर्चाचा हिशोब आणि क्लिनिकची पारख

मेघना_र

नमस्कार मंडळी. खालच्या डाव्या बाजूच्या माझ्या दोन दाढा गेल्या आहेत. एक चार वर्षांपूर्वी काढली. तिच्या मागची रूट कॅनाल केलेली होती, ती गेल्या महिन्यात उभी चिरली आणि तीही काढावी लागली. आता त्या बाजूने काही चावता येत नाही, सगळा भार उजवीकडे. दंतवैद्यांनी दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) आणि त्यावर क्राउन, म्हणजे वरचे कृत्रिम दात, सुचवले आहेत. कोटेशनचा कागद तिथेच घडी करून पर्समध्ये टाकला, रात्री सगळे झोपल्यावर पुन्हा उघडून पाहिला.

मग परदेशातल्या तीन क्लिनिकना मेल केली. दोघांचे आकडे इथल्या निम्म्याहून थोडे कमी, तिसऱ्याचा तर जेमतेम तिसरा हिस्सा, आणि त्यात विमानतळावरून न्यायला गाडी, हॉटेल सगळं धरलेलं.

माझे प्रश्न दोनच आहेत. तिकीट, राहणं, रजा हे सगळं धरल्यावर खरोखर स्वस्त पडतं का? आणि इतक्या लांबचं क्लिनिक चांगलं आहे की नाही हे घरबसल्या कसं ओळखायचं? नुसतं 'बिनधास्त जा' किंवा 'अजिबात जाऊ नका' नको, का ते लिहा.

भटकी_जयू

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण दात बसवून खिसा मात्र नक्की रिकामा होतो! धागा वाचतेय, माझ्या नवऱ्यालाही लवकरच लागणार आहे.

विनायक_प

मेघनाताई, मी जाऊन आलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

मी बुडापेस्टला केले. हंगेरीत हा व्यवसाय फार जुना आहे. ऑस्ट्रियातले लोक सीमा ओलांडून दात करून घ्यायला येत, त्यातून मोशोनमाद्यारोवारसारखी सीमेलगतची गावं दंतवैद्यांची गावं म्हणूनच ओळखली जाऊ लागली. मेक्सिकोतल्या लॉस अल्गोडोनेसचंही तेच, अमेरिकेच्या सीमेला चिकटलेलं एवढंसं गाव आणि त्यात शेकडो दंतवैद्य. सांगायचा मुद्दा असा, की स्वस्त म्हणजे कमअस्सल असं लगेच समजू नका. जागेचं भाडं, पगार, प्रयोगशाळेची मजुरी कमी असते, त्यामुळे खर्च खरोखरच उतरतो.

माझे तीन इम्प्लांट ठरले होते. पहिल्या दिवशी फक्त स्कॅन आणि बोलणं झालं. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवर माझा जबडा फिरवून दाखवला, एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, इथे हाड पातळ आहे, आज इम्प्लांट बसणार नाही, आधी हाड भरावं लागेल. म्हणजे त्यांनी स्वतःहून आपलं त्या दिवसाचं बिल कमी केलं. तो 'नाही' ऐकल्यावर माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

दोन फेऱ्यांचं काम तीन फेऱ्यांवर गेलं. सगळं धरून इथल्या कोटेशनच्या साधारण दोन तृतीयांश खर्च आला. निम्मा नाही. पण पाच वर्षं झाली, उत्तम चाललंय.

कस्तुरी_म

माझा अनुभव उलटा आहे. देशाचं आणि क्लिनिकचं नाव लिहीत नाही, कारण नावापेक्षा काय चुकलं ते महत्त्वाचं आहे.

सगळं एकाच फेरीत, सहा दिवसांत, असं पॅकेज होतं. सकाळी इम्प्लांट, पाचव्या दिवशी कायमचा क्राउन. दिसायला सुंदर. आठ महिन्यांनी चावताना क्राउन किंचित हलतोय असं वाटायला लागलं. जिभेने ढकलला की 'टिक' असा बारीक आवाज यायचा. हिरडी दुखत नव्हती, म्हणून महिनाभर दुर्लक्ष केलं.

इथल्या डॉक्टरांनी एक्सरे काढून सांगितलं, की इम्प्लांट घट्ट आहे, आतला स्क्रू सैल झालाय. मी हुश्श केलं, स्क्रू काय, पिळून देतील. तर त्यांनी ड्रॉवर उघडला, एकामागून एक पाच की सहा बारीक ड्रायव्हर काढले, एकही बसेना. मला विचारलं, कुठल्या कंपनीचा इम्प्लांट आहे? माझ्याकडे फक्त पैसे भरल्याची पावती, आणि तिच्यावर लिहिलेलं 'इम्प्लांट, १ नग'. क्लिनिकला मेल केली तर उत्तर आलं, इकडे या, आम्ही फुकट करून देऊ. स्क्रू पिळण्यासाठी विमान पकडायचं?

तीन दंतवैद्य फिरले. शेवटी एकांनी एक्सरेतल्या आकारावरून अंदाज बांधून ड्रायव्हर मागवला. तोवर हलत राहिल्यामुळे स्क्रू आतच तुटला. तो तुकडा काढताना दीड तास तोंड उघडं ठेवून बसले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दुखण्यापेक्षा रागाने जास्त. सगळा मिळून खर्च इथे केला असता त्याहून अधिक झाला.

मेघना, बाकी काही नाही तरी एवढं कर. इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतं, कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी आणि लॉट नंबर छापलेलं. ते मागून घे आणि जपून ठेव.

शुभदा७२

बाप रे कस्तुरी! वाचूनच जबडा दुखला.

विनायक_प

कस्तुरीताईंना शंभर टक्के अनुमोदन. मला एक छोटं पुस्तिकेसारखं कार्ड मिळालं होतं, त्यात तिन्ही स्टिकर चिकटवलेली आहेत. पासपोर्टसोबत ठेवतो.

डॉ_सायली

मी दंतवैद्य आहे, कृत्रिम दात हेच माझं काम. इम्प्लांट म्हणजे नेमकं काय हे कळलं की खर्चाचा प्रश्न अर्धा सुटतो, म्हणून थोडं सविस्तर.

यात तीन वस्तू असतात. हाडात जातो तो टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे खरा इम्प्लांट. त्याच्यावर बसतो तो जोड, अबटमेंट. आणि वर दिसतो तो क्राउन. पुष्कळ जाहिरातींतला आकडा फक्त पहिल्या वस्तूचा असतो, त्यामुळे कोटेशनची तुलना करताना तिन्ही वस्तू धरल्या आहेत का ते पाहा. स्कॅन, दात काढणं, हाड भरणं, तात्पुरता दात हेही विचारा.

दुसरी गोष्ट वेळेची. १९५२ मध्ये स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशांच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसवून रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. प्रयोग संपल्यावर ती नळी काढायला गेले तर निघेना, हाड धातूला घट्ट धरून बसलं होतं. त्यातून ही शाखा जन्मली. १९६५ मध्ये योस्टा लार्सन हे त्यांचे पहिले रुग्ण झाले, आणि ते २००६ मध्ये वारले तोवर, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं, ते इम्प्लांट वापरत होते.

हाड असं धरायला वेळ घेतं. जुनी पद्धत खालच्या जबड्यात ३ महिने आणि वरच्या जबड्यात ६ महिने थांबायची होती. आताच्या खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटमुळे तो काळ बराच कमी झालाय, आणि काही निवडक रुग्णांत त्याच दिवशी तात्पुरता दातही देता येतो. पण तो तात्पुरता, आणि त्यावर जोर येऊ न देता. दाढेवर पाचव्या दिवशी कायमचा क्राउन, तोही प्रत्येक येणाऱ्याला, हे हाडाच्या नव्हे तर विमानाच्या वेळापत्रकाने ठरलेलं असतं.

आणखी एक, जे रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही. आपल्या खऱ्या दाताभोवती जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पदर असतो. दाबलं की दात किंचित खाली जातो, आणि खडा आला तर लगेच कळतं. इम्प्लांटला हा पदर नाही, तो थेट हाडात. त्यामुळे क्राउन केसभर जरी उंच राहिला तरी सगळा मार त्यावर बसतो आणि तुम्हाला जाणवतही नाही. पुढे स्क्रू सैल होतो, पोर्सेलिनचा टवका उडतो. म्हणून क्राउन बसवल्यावर रंगीत कागद चावायला देऊन खुणा पाहतात, घासतात, पुन्हा पाहतात. आणि काही आठवड्यांनी परत एकदा पाहतात. त्या शेवटच्या तपासणीला तुम्ही कुठे असणार, याचा विचार जाण्याआधी करा.

राजश्री_ग

डॉक्टर, राग मानू नका, पण इथले दंतवैद्य परदेशी उपचारांबद्दल चांगलं बोलतील अशी अपेक्षाच नाही. माझ्या सासऱ्यांचा इम्प्लांट घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर झाला आणि वर्षात निघाला. डॉक्टर म्हणाले, तुम्ही नीट घासत नाही. पैसे परत नाहीत. जवळ असणं म्हणजे जबाबदारी घेणं नव्हे.

डॉ_सायली

राग कसला, प्रश्न रास्त आहे. जवळचा डॉक्टरही वाईट असू शकतो. माझ्याकडे परदेशात केलेली अतिशय देखणी कामं येतात, माझ्याहून सरस म्हणेन अशीही. मी जा किंवा जाऊ नका म्हणत नाही. पाच दिवसांत कायमची दाढ देणाऱ्याकडे जाऊ नका म्हणतेय, मग तो तुमच्या शेजारच्या इमारतीत का असेना.

सासऱ्यांना मधुमेह आहे का? किंवा तंबाखू, सिगारेट? रक्तातली साखर ताब्यात नसणं आणि धूम्रपान ही इम्प्लांट बिघडण्याची फार मोठी कारणं आहेत. आणि ती आधी विचारून, गरज असल्यास एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर) तपासूनच हात लावायला हवा होता. ते केलं नसेल तर चूक रुग्णाच्या ब्रशची नाही.

राजश्री_ग

मधुमेह आहे. कोणी विचारलं नव्हतं. धन्यवाद, आज ते त्यांना वाचून दाखवते. इतके दिवस ते स्वतःलाच दोष देत होते.

हिशोबी_समीर

मी आकड्यांचा माणूस, तेवढंच लिहितो. इथलं दोन इम्प्लांटचं कोटेशन १०० धरू. बाहेरचं ४५. इम्प्लांट नीट करायचा तर निदान दोन फेऱ्या. दोन तिकिटं, दोनदा राहणं मिळून समजा ३०. बिनपगारी रजा १०. झाले ८५. सोबत कोणी आलं तर तिथेच १०० पार. आणि काही बिघडलं तर तिसरी फेरी.

हेच सहा इम्प्लांटना करा. इथे ३००, बाहेर १३५. प्रवास आणि रजेचे तेच ४०, राहणं थोडं वाढेल म्हणून ५० धरा. १८५. म्हणजे शंभराहून जास्त वाचले, आणि एक फेरी वाढली तरी परवडतं.

प्रवासाचा खर्च दातांच्या संख्येने वाढत नाही, हीच सगळी गोम आहे. एकदोन दातांसाठी फक्त खर्चाच्या कारणाने जाण्यात फारसा अर्थ नाही. पूर्ण जबडा असेल तर गणित पालटतं. ज्याचं तिथे आधीच कामानिमित्त जाणं-येणं आहे त्याचं तर वेगळंच.

भटकी_जयू

समीर, आमच्या घरच्या सगळ्याच खरेद्या तुमच्याकडून तपासून घ्याव्यात म्हणते!

प्रवास विम्याचंही कोणीतरी लिहा. आम्ही एकदा नीट वाचला होता. ठरवून घेतलेल्या उपचारांतून उद्भवलेली गुंतागुंत बहुतेक प्रवास विम्यांत धरत नाहीत. तिथे ताप आला, सूज आली, परतीचं तिकीट बदलावं लागलं, तर सगळं आपल्याच खिशातून. त्यासाठी वेगळा विमा मिळतो का ते आधी पाहावं.

नानासाहेब_क

थोडं विषयांतर करतो, मेघनाताई माफ करा. आमच्या आईचं वय ७८. खालची कवळी बोलताना उचलली जाते, चारचौघांत जेवायला बसायचं टाळते. मुलगा म्हणतो परदेशात नेऊन चार इम्प्लांटवर पूर्ण पक्के दात करू. या वयात एवढा प्रवास मला पटत नाही. दुसरा मार्ग आहे का?

डॉ_सायली

नानासाहेब, आहे, आणि चांगला आहे. खालच्या जबड्यात पुढच्या भागात फक्त दोन इम्प्लांट बसवायचे आणि कवळीला आतून बटणासारखे जोड लावायचे. कवळी त्यावर 'टक' करून घट्ट बसते, रात्री काढून धुता येते. २००२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने, सगळे दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिली निवड हीच असावी असं म्हटलं होतं. पुष्कळदा सध्याचीच कवळी सुधारून वापरता येते.

चार इम्प्लांटवर पक्के दात ही पद्धतही खरी आहे. मागचे दोन तिरके बसवतात, म्हणजे हाड कमी असलं तरी भागतं. पण ती मोठी शस्त्रक्रिया आहे, आणि पुढची स्वच्छता हाताला जमायला हवी. आईच्या बोटांत पूर्वीसारखी ताकद आहे का? ब्रश नीट धरता येतो का? निर्णय त्यावर घ्या. आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषध चालू असेल तर ते आवर्जून सांगा. बिस्फॉस्फोनेट गटातल्या औषधांनी जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो.

नानासाहेब_क

आठवड्यातून एकदा एक गोळी घेते ती. नाव पाहून सांगतो. डॉक्टर, तुमचे उपकार. दातांच्या डॉक्टरला हाडांच्या गोळीबद्दल सांगायचं हे आमच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

प्रथमेश_००

इम्प्लांट असेल तर विमानतळावर शिट्टी वाजते का? एमआरआय करता येतो का?

विनायक_प

प्रथमेश, तीन स्क्रू घेऊन कितीतरी वेळा विमानतळावरून गेलोय, एकदाही वाजलं नाही.

डॉ_सायली

टायटॅनियम लोहचुंबकाकडे ओढलं जात नाही, एमआरआय करता येतो. तोंडाजवळच्या भागाची प्रतिमा थोडी बिघडू शकते, म्हणून तंत्रज्ञाला आधी सांगायचं. आणि चुंबकाने बसणारी कवळी असेल तर ती बाहेर काढायची.

अनघा_दे

मेघनाताईंचा दुसरा प्रश्न मागे पडलाय, क्लिनिक ओळखायचं कसं. मी बहिणीसाठी दोन महिने हेच करत होते, त्यातून जे कळलं ते लिहिते.

चकचकीत फोटोंवरून काही कळत नाही. आधी डॉक्टरचं नाव मागायचं. 'आमची टीम' असं उत्तर आलं तर पुन्हा मागायचं. इम्प्लांट कोण बसवणार, क्राउन कोण करणार, दोन्ही नावं. मग त्या देशाच्या दंत परिषदेच्या नोंदवहीत ती शोधायची. बऱ्याच देशांत ही नोंदवही सगळ्यांना ऑनलाइन पाहता येते, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये जनरल डेंटल कौन्सिलची. तुर्कस्तानात परदेशी रुग्ण घेणाऱ्या संस्थेला आरोग्य मंत्रालयाचं वेगळं अधिकारपत्र लागतं, ते मागता येतं. जेसीआय हे रुग्णालयांच्या दर्जाचं आंतरराष्ट्रीय मानांकन असेल तर चांगलंच, पण ते संस्थेच्या व्यवस्थेचं असतं, डॉक्टरच्या हाताचं नव्हे.

दुसरं, व्हिडिओवर बोलणं हवं, तेही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरशी. समन्वयक फार गोड बोलतात, त्यांचं कामच ते आहे. बहिणीशी एक समन्वयक तीन आठवडे बोलत होती, आणि डॉक्टरांशी दहा मिनिटं बोलायचं म्हटल्यावर उत्तरं यायची थांबली. मध्यस्थ संस्था असेल तर तिला क्लिनिककडून पैसे मिळतात का, हे स्पष्ट विचारावं.

तिसरं, अभिप्राय वाचताना 'परवाच करून आले, स्टाफ खूप प्रेमळ' हे सोडून द्यायचे. दोनतीन वर्षांनी कोणी लिहिलंय का ते शोधायचं. आणि तक्रारीला क्लिनिकने काय उत्तर दिलंय ते. रुग्णावर ओरडणारं उत्तर असेल तर उद्या तुमच्यावरही ओरडतील.

सगळ्यात महत्त्वाचं, स्कॅन न पाहता जो पक्का आकडा आणि पक्की तारीख देतो तो डॉक्टर नाही, विक्रेता आहे. आमच्या बाबतीत तर एका ठिकाणी दोन इम्प्लांट विचारले आणि उत्तरात वरचे सगळे चांगले दात घासून वीस क्राउनची 'स्माइल' योजना आली. धडधाकट दात एकदा घासला की परत येत नाही.

कस्तुरी_म

अनघा, हे सगळं मला दोन वर्षांपूर्वी वाचायला मिळायला हवं होतं.

युरोपात करणाऱ्यांसाठी एक भर. युरोपियन युनियनच्या २०१७/७४५ या वैद्यकीय उपकरणांच्या नियमात शरीरात कायम राहणाऱ्या उपकरणाचं कार्ड रुग्णाला देण्याची तरतूद आहे. संकोच न करता मागा.

डॉ_सायली

अनघाताई, फार नेमकं लिहिलंत. माझ्याकडून चार गोष्टी जोडते.

सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनची मूळ फाईल घ्या, नुसतं चित्र नको. इम्प्लांटची सिस्टिम अशी मागा जिचे सुटे भाग तुमच्या गावातही मिळतात. स्ट्राउमन, नोबेल बायोकेअर, ॲस्ट्रा टेक, ऑस्टेम ही नावं बऱ्याच देशांत चालतात. स्वस्तातली अनोळखी सिस्टिम वाईटच असते असं नाही, पण कस्तुरीताईंसारखी ड्रायव्हर शोधायची वेळ येते. आणि शक्य असेल तिथे स्क्रूने बसणारा क्राउन घ्या, सिमेंटने चिकटवलेला नको. स्क्रूचा क्राउन, योग्य ड्रायव्हर असेल तर, कुठलाही दंतवैद्य वरचं भोक उघडून काढू शकतो. सिमेंट हिरडीखाली राहिलं तर सूज धरते, आणि त्यातून इम्प्लांटभोवतीचं हाड झिजायला लागतं. तसंच, जाण्याआधी इथला एक डॉक्टर ठरवून ठेवा, जो पुढची देखभाल करायला तयार आहे. दुसऱ्याने केलेल्या कामाला हात लावायला सगळेच राजी नसतात.

मेघनाताई, एक विचारू? गेलेल्या दाढा नेमक्या कुठल्या? मधल्या पुढच्या दातापासून मागे मोजत सहावी आणि सातवी ना? वरच्या बाजूचे दात शाबूत आहेत?

मेघना_र

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या आपलेपणाने लिहाल असं वाटलं नव्हतं.

आधी क्लिनिकचं सांगते. अनघाताई आणि डॉक्टरांचे प्रश्न जसेच्या तसे तिघांना पाठवले. एकाने दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं, 'ही सवलत शुक्रवारपर्यंतच आहे'. प्रश्नांना उत्तर एकही नाही. हाच तो तिसऱ्या हिश्श्याचा आकडा. दुसऱ्याने कंपनीचं नाव सांगितलं, पण क्राउन सातव्या दिवशी म्हणाले. तिसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी स्वतः लिहिलं. स्कॅन पाठवा, त्याआधी काही सांगू शकत नाही, दात गेल्या महिन्यातच काढला असेल तर ती जागा भरून यायला अजून काही महिने द्या, आणि दोन फेऱ्या लागतील. विनायकदादांची डॉक्टरीणबाई आठवली.

डॉक्टर, हो, सहावी आणि सातवी. वरचे सगळे दात आहेत.

डॉ_सायली

मग एक शक्यता तुमच्या डॉक्टरांशी बोलून पाहा. सातव्या दाढेच्या जागी इम्प्लांट लागेलच असं नाही. नेदरलँड्समधले दंतवैद्य आर्न्ड केसर यांनी १९८१ मध्ये आखूड दंतपंक्तीची कल्पना मांडली. अगदी मागच्या दाढा नसल्या तरी पुष्कळ लोकांचं चावणं व्यवस्थित चालतं, असं त्यांचं निरीक्षण होतं. तुम्हाला सहावी मिळाली तर कदाचित तेवढ्यानं भागेल. वरची सातवी थोडी खाली उतरू शकते, तिच्यावर लक्ष ठेवावं लागेल. तपासल्याशिवाय मी ठाम सांगणार नाही, पण विचारायला हरकत नाही.

हिशोबी_समीर

दोनाचा एक झाला तर माझं वरचं गणित संपलंच. इथे ५०. बाहेर साडेबावीस, अधिक प्रवास आणि रजेचे तेच ४०. बाहेर जाणं महाग पडतं.

शुभदा७२

आणि ज्या शहरात दंतमहाविद्यालय आहे तिथे शिकवणाऱ्या विभागात विचारावं. पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, शुल्क बहुधा बरंच कमी असतं. वेळ जास्त लागतो, एकेका भेटीत दोनदोन तास. माझ्या भावाचा तिथेच झाला. प्रत्येक पायरीवर सर येऊन बघून जायचे, आणि भाऊ म्हणायचा, माझ्या एका दातावर चार जणांचे डोळे आहेत.

विनायक_प

मी बाहेर जाऊन समाधानी असूनही मेघनाताईंना एका दातासाठी जा म्हणणार नाही. नानासाहेब, तुमच्या आईंनाही नको.

नानासाहेब_क

ठरलंच आहे आता, विनायकराव. गोळी त्याच गटातली निघाली. हाडांच्या डॉक्टरांशी बोलूनच पुढचं पाऊल टाकायचं ठरवलंय. मुलालाही हा धागा वाचायला दिला.

मेघना_र

अपडेट देते. दंतमहाविद्यालयात जाऊन आले. स्कॅन झाला. सहाव्या दाढेच्या जागी हाड चार वर्षांत अरुंद झालंय, पण उंची पुरेशी आहे. खालून जाणारी नस स्क्रीनवर केशरी रंगाने रेखून दाखवली. तिच्यापासून निदान २ मिलिमीटर अंतर सोडतात म्हणे, आणि माझ्याकडे त्याहून बरीच जागा आहे. सातवीचं मी भीत भीत विचारलं. मॅडमनी मला उजवीकडे, डावीकडे चावायला लावलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, आधी सहावी करू, सहा महिने जेवून बघा, मग सातवीचं बोलू.

कोटेशन पहिल्याच्या निम्म्याहून कमी आहे. क्राउन तीन महिन्यांनी, स्क्रूने बसणारा. तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली.

कस्तुरी, स्टिकर द्याल ना असं विचारलं तर तिथली विद्यार्थिनी हसली आणि फाईल उघडून दाखवली. आतल्या पानावर दोन चौकोन छापलेलेच आहेत, एक त्यांच्या प्रतीसाठी, एक माझ्या.

कस्तुरी_म

घरी आलीस की त्या पानाचा फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेव. आणि गुरुवारी रात्री बर्फ लाव, बोलू नकोस, इथे मात्र लिही.